पवईतला शोध खारघरच्या वॉर्डापर्यंत कसा पोचला

4 जून 2021 या दिवशी खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात, बोन मॅरो ट्रान्सप्लांट युनिटमधल्या एका पेशंटला छोटीशी पिशवी लावली गेली. दिसायला सलाइनसारखीच. पिशवीत होत्या त्या पेशंटच्याच रक्तातल्या पेशी; फक्त त्या पवईच्या आयआयटीत नेऊन, बदलून, वाढवून परत आणलेल्या. रक्ताच्या काही कॅन्सरवरचा कार-टी उपचार भारतात पहिल्यांदा झाला तो असा. त्यानंतर अडीच वर्षांच्या आत, ऑक्टोबर 2023 मध्ये, केंद्राच्या औषध नियंत्रकांनी, म्हणजे सीडीएससीओनं, हा उपचार विकायची परवानगी दिली. 'नेक्सकार19' हे त्याचं नाव. बनवते 'इम्युनोॲक्ट' ही कंपनी. ती आयआयटीतूनच निघालेली, आणि तिचा कारखाना आपल्या नवी मुंबईतच आहे.

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका औषध कंपनीत क्वालिटी विभागात काम करते. त्यामुळे नातेवाइकांपासून सोसायटीतल्या काकांपर्यंत सगळे एक प्रश्न हमखास विचारतात: 'कॅन्सरवर अमुक शोध लागला असं पेपरात दरवर्षी येतं, मग ते औषध मेडिकलमध्ये का येत नाही?' विचारणाऱ्यानं उत्तरही मनाशी ठरवलेलं असतं. एक तर सरकार अडवतं, नाहीतर मोठ्या कंपन्या दाबून टाकतात. खरं कारण यापेक्षा साधं आहे. प्रयोगशाळेत जो शोध लागतो तो औषध नसतो. ती एक शक्यता असते. त्या शक्यतेचं औषध करणं हे वेगळंच काम आहे. त्याला वेगळी माणसं लागतात, वेगळा पैसा लागतो, आणि त्या कामाची बातमी सहसा होत नाही. नेक्सकार19 च्या निमित्तानं ते काम नीट उलगडून सांगता येईल, म्हणून हा लेख.

आधी कार-टी म्हणजे काय

आपल्या रक्तात टी-पेशी असतात. शरीरात घुसलेल्या विषाणूंनी बिघडवलेल्या पेशी शोधून मारणं हे त्यांचं काम. कॅन्सरच्या पेशी मात्र शरीराच्याच असल्यामुळे पुष्कळदा त्यांच्या नजरेतून सुटतात. रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये बी-पेशी (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) बेसुमार वाढतात, आणि या बी-पेशींच्या पृष्ठभागावर सीडी19 नावाचं प्रथिन असतं. पेशंटच्या टी-पेशी बाहेर काढायच्या, त्यांच्यात एक नवा जीन घालायचा, आणि त्या जीनमुळे टी-पेशीवर सीडी19 ओळखणारा रिसेप्टर, म्हणजे खूण पकडणारं प्रथिन, उगवला की त्या पेशी परत पेशंटला द्यायच्या. आता त्यांना शत्रू दिसतो. निरोगी बी-पेशीही त्यात मारल्या जातात, पण त्यांच्यावाचून माणूस जगू शकतो; संसर्गाची काळजी घ्यावी लागते एवढंच.

मूळ कल्पना 1980 च्या दशकाच्या अखेरीस इस्रायलच्या वाइझमन संस्थेत झेलिग एशार यांच्या प्रयोगशाळेत आकाराला आली. अमेरिकेत 2012 मध्ये एमिली व्हाइटहेड या लहान मुलीला ल्युकेमियासाठी (रक्ताच्या कॅन्सरसाठी) हा उपचार मिळाला आणि ती बरी झाली, तेव्हा जगाचं लक्ष तिकडे गेलं. पहिलं कार-टी औषध अमेरिकेत मंजूर झालं ऑगस्ट 2017 मध्ये. म्हणजे कल्पनेपासून परवान्यापर्यंत जवळजवळ तीस वर्षं गेली. किंमत ठेवली होती 4,75,000 डॉलर, तीही फक्त औषधाची. हॉस्पिटलचा खर्च वेगळा.

कल्पना जगजाहीर होती, शोधनिबंध छापलेले होते. मग भारतात तसंच्या तसं का नाही करता आलं? कारण शोधनिबंधात काय केलं ते असतं. ते दर वेळी तसंच कसं करायचं हे त्यात नसतं. आणि पेटंट, यंत्रं, कच्चा माल, प्रशिक्षित माणसं, सगळं परदेशात. आयआयटी मुंबईत राहुल पुरवार 2013 मध्ये रुजू झाले आणि त्यांनी, अलका द्विवेदी, अथर्व करुलकर या विद्यार्थ्यांसह स्वतःचा रिसेप्टर घडवायला घेतला. सीडी19 ओळखणारा जो तुकडा आधीच्या उपचारांत वापरला जायचा तो उंदराच्या अँटिबॉडीतून आलेला होता. यांनी तो माणसाच्या प्रथिनाशी मिळताजुळता करून घेतला, म्हणजे शरीरानं त्याला परका समजायची शक्यता कमी व्हावी. जीन पेशीत नेण्यासाठी निरुपद्रवी केलेला विषाणू लागतो. तो बाहेरून घ्यायचा म्हटलं तर किंमत डोळे पांढरे करणारी. तोही त्यांनी इथेच बनवायला सुरुवात केली. पुढे किंमत खाली आली त्याचं एक मोठं कारण हे.

हातगुण चालत नाही

इथून पुढचा भाग माझ्या रोजच्या कामाचा, म्हणून जरा रेंगाळते.

प्रत्येक लॅबमध्ये एखादा पीएचडीचा विद्यार्थी असतो, ज्याच्या हाताला पेशी वाढतात. दुसऱ्यानं तीच कृती केली तर मरतात. लॅबमध्ये हे चालून जातं. दहा प्रयोगांत सात जमले तर उत्तम निबंध होतो, उरलेले तीन कचऱ्यात. कार-टीमध्ये प्रत्येक बॅच म्हणजे एक पेशंट आहे. त्याची बॅच बिघडली तर दुसऱ्याची देता येत नाही. पुन्हा पेशी काढायला तो तितके दिवस टिकेल याची खात्री नसते. शिवाय लॅबमध्ये पेशी येतात निरोगी रक्तदात्याच्या. इथे येतात त्या केमोथेरपीच्या तीन-चार फेऱ्यांनी थकलेल्या. कोणाच्या मुबलक निघतात, कोणाच्या मोजक्याच.

सुरुवात होते अफेरेसिसपासून. पेशंटचं रक्त नळीतून यंत्रात जातं, यंत्र पांढऱ्या पेशी वेगळ्या करतं, बाकी रक्त परत शरीरात. काही तास पेशंट पडून राहतो. शेवटी हातात येते एक पिशवी, त्यावर लेबल. त्या क्षणापासून लेबल हीच त्या पेशींची ओळख. दोन पेशंटच्या पिशव्यांची अदलाबदल झाली तर काय होईल याचा विचारही नकोसा वाटतो. म्हणून प्रत्येक टप्प्यावर दोन माणसं मोठ्यानं क्रमांक वाचतात आणि दोघंही सही करतात.

पुढचं काम क्लीनरूममध्ये, म्हणजे जंतू-धूळ आत येऊ न देणाऱ्या खोलीत. आत जाण्यासाठी एक बाक ओलांडावा लागतो. बाकाच्या अलीकडे आपले बूट, पलीकडे आतले. मग डोक्यापासून पायापर्यंत ठरलेल्या क्रमानं कपडे, कपड्याचं टोक जमिनीला लागलं तर तो गाऊन बाद, पुन्हा नवा. हातमोजे दोन जोड, त्यांवर सत्तर टक्के अल्कोहोल. खोलीत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त ठेवलेला, म्हणजे दार उघडलं तरी हवा आतून बाहेर जाईल, बाहेरची आत येणार नाही. काम चालू असताना टेबलापाशी जंतूंचं खाद्य भरलेल्या बशा उघड्या ठेवतात. नंतर त्यांवर काही उगवतं का पाहायचं. उगवलं तर सगळ्यांना बोलावून बसायचं, कुठून आलं ते शोधायचं, आणि ते सापडेपर्यंत त्या पेशंटच्या पिशवीचं काय करायचं तेही ठरवायचं.

टी-पेशींना आधी जागं करतात, मग विषाणूच्या साहाय्यानं जीन आत नेतात, मग साधारण आठ-दहा दिवस वाढवतात. तयार झाल्यावर तपासण्या. जिवंत किती, रिसेप्टर किती टक्के पेशींवर आला, जिवाणूंचं विष नाही ना, मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू नाही ना, वापरलेला विषाणू पुन्हा स्वतःच्या प्रती काढू लागला नाही ना. निर्जंतुकतेच्या पारंपरिक चाचणीला तर चौदा दिवस लागतात. गोळ्या-इंजेक्शनच्या धंद्यात चौदा दिवस म्हणजे काहीच नाही, माल गोदामात पडून राहतो. इथे तिकडे वॉर्डात ज्याच्यासाठी माल आहे तो माणूस दिवसागणिक खालावत असतो. त्यामुळे या क्षेत्रात लवकर निकाल देणाऱ्या पद्धती वापरतात, आणि पेशी द्रव नायट्रोजनच्या थंडीत गोठवून ठेवतात. पण 'लवकर निकाल देणारी पद्धत तितकीच विश्वासार्ह आहे' हे आधी सिद्ध करून दाखवावं लागतं. त्या सिद्धतेच्या फायली भरतात. त्यावर कोणी पुरस्कार देत नाही, पण त्या नसतील तर औषध पेशंटपर्यंत जात नाही.

मला खरोखर वाटतं की आपल्याकडे विज्ञानाचं कौतुक होतं ते शोधापाशी थांबतं. ठाणे-नवी मुंबईतली कितीतरी मुलं बायोटेक करतात आणि समजतात की पुढे एक तर पीएचडी, नाहीतर दुसरं काहीतरी. प्रोसेस डेव्हलपमेंट (लॅबमधली कृती कारखान्यात बसवणं), क्वालिटी, रेग्युलेटरी (परवानग्यांचं काम), क्लिनिकल ऑपरेशन्स (चाचण्या चालवणं) ही कामं त्यांना कॉलेजात कोणी नीट सांगत नाही. आणि शोध अडतो तो नेमका इथेच, माणसं नाहीत म्हणून.

कंपनी कशाला हवी?

पुष्कळांना हे खटकतं. सरकारी पैशातून संशोधन झालं, मग खासगी कंपनी मधे कुठून आली? प्रश्न रास्त आहे.

सरकारी पैसा इथे नक्कीच होता. माणसांवरच्या पहिल्या चाचणीसाठी बायरॅक या केंद्राच्या संस्थेनं नॅशनल बायोफार्मा मिशनमधून 19.15 कोटी रुपये मंजूर केले. पण आयआयटीचं खातं कारखाना चालवू शकत नाही. तीन पाळ्यांत माणसं नेमणं, मालाची जबाबदारी घेणं, काही बिघडलं तर नियंत्रकापुढे उभं राहणं, वीस वर्षं पुरवठा करत राहणं ही कामं विद्यापीठाच्या रचनेत बसत नाहीत. आणि प्रयोगासाठी मिळालेलं अनुदान प्रयोग संपला की संपतं. म्हणून 2018 मध्ये इम्युनोॲक्ट सुरू झाली, आयआयटीच्याच 'साइन' या इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे नव्या कंपन्यांना आधार देणाऱ्या केंद्रात. 2021 मध्ये हैदराबादच्या लॉरस लॅब्सनं तिच्यात पाव हिश्शाहून थोडा जास्त वाटा घेतला.

अनुदान आणि गुंतवणूक यांच्यामधला काळ सगळ्यात वाईट. शोध इतका पुढे गेलेला असतो की संशोधनाचं अनुदान देणारे म्हणतात, 'आता हे उत्पादन आहे, आमच्याकडे बसत नाही.' आणि इतका मागे असतो की गुंतवणूकदार म्हणतात, 'पेशंटवर चाललं की या.' पेशंटवर चालवायलाच तर पैसे हवे असतात. बहुतेक शोध मरतात ते इथे, गुपचूप. बायरॅकची 'बिग' योजना याच जागेसाठी आहे: साधारण दीड वर्षात कल्पना सिद्ध करायला 50 लाखांपर्यंत. औषधासाठी ही रक्कम तुटपुंजी, पण एखादं निदानाचं किट किंवा उपकरण तेवढ्यात बऱ्यापैकी पुढे जातं.

पेटंटचंही इथेच सांगते, कारण यात मुलं हकनाक फसतात. संशोधकाला निबंध छापायची घाई असते. पण आधी निबंध छापला, किंवा कॉन्फरन्समध्ये पोस्टर लावलं, आणि मग पेटंटला अर्ज केला, तर 'हे आता नवीन राहिलं नाही' म्हणून अर्ज पडू शकतो. क्रम उलटा हवा. आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज, तो पुरेसा ढोबळ असला तरी चालतो; त्यानंतर पूर्ण अर्जाला बारा महिने मिळतात; निबंध त्यानंतर खुशाल छापावा. पेटंटची मुदत अर्जापासून वीस वर्षं, आणि चाचण्यांत त्यातली निम्मी सहज जातात. आणखी एक: भारतीय कायद्यात रोगावर उपचार करण्याच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही, नव्या रेणूला किंवा उपकरणाला मिळू शकतं. म्हणजे 'हे औषध अमुक आजारालाही चालतं' एवढ्या शोधावर कंपनी उभी राहणं इथे कठीण.

माणसांवर चाचणी

प्राण्यांवरचे प्रयोग झाले की पहिला टप्पा सुरक्षिततेचा, थोड्या माणसांवर. दुसरा परिणामाचा. तिसरा मोठा, आधीच्या उपचाराशी तुलनेचा. दुर्मीळ आणि जीवघेण्या आजारात, दुसरा उपाय उरलेला नसताना, नियंत्रक पहिल्या-दुसऱ्या टप्प्यावरही परवानगी देऊ शकतात. नेक्सकार19 चं तसंच झालं. टाटा मेमोरियलच्या गौरव नरुला, हसमुख जैन यांच्यासारख्या डॉक्टरांनी हे काम पेशंटच्या खाटेपाशी केलं. 64 पेशंटचे निष्कर्ष 2025 मध्ये 'लॅन्सेट हिमॅटॉलॉजी'त छापून आले. ज्यांच्यावरचा परिणाम मोजता आला त्यांच्यापैकी 73 टक्क्यांना उपचार लागू पडला. हे सगळे असे पेशंट, ज्यांचा कॅन्सर आधीच्या उपचारांना दाद देत नव्हता किंवा उलटला होता. रक्तपेशी खूप कमी होण्याचा त्रास बहुतेकांना झाला, तोही सांगायलाच हवा. लागू पडला म्हणजे कायमचा बरा, असंही नाही. काहींचा आजार परत येतो.

मला यात भूगोलाचं महत्त्व फार वाटतं. पवई खाडीच्या पलीकडे, खारघर अलीकडे, मधे ऐरोलीचा किंवा वाशीचा पूल. पेशी बनवणारा आणि पेशी देणारा डॉक्टर त्याच दिवशी समोरासमोर बसू शकतात. 'तुमच्या पेशी वितळवल्यावर इतक्याच जिवंत निघाल्या' हे डॉक्टरनं सांगितलं की दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत गोठवायची पद्धत तपासता येते. टाटाचं कॅन्सर संशोधन परळला 1952 मध्ये सुरू झालेल्या संस्थेतून वाढलं आणि 2002 मध्ये खारघरला आलं, तेव्हा ही जागा गावाबाहेरची वाटायची. आता बेलापूर-पेंधर मेट्रो त्या भागातून जाते, आणि एकाच आवारात प्रयोगशाळा नि वॉर्ड असणं ही काय चीज आहे ते दिसतंय.

अर्थात हा एकच रस्ता नाही. वाशीला ब्रिट आहे, अणुऊर्जा विभागाची संस्था. भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झालेली रेडिओऔषधं (किरणोत्सारी औषधं) आणि स्कॅनची किट ती देशभरच्या हॉस्पिटलांना पुरवते. तिथे स्टार्टअप नाही, गुंतवणूकदार नाही. सरकारनंच शेवटपर्यंत नेलं. स्कॅनसाठी लागणाऱ्या टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याचं अर्ध-आयुष्य सहा तासांचं, म्हणजे तेवढ्यात त्याचा निम्मा जोर संपतो; माल साठवून ठेवायचा प्रश्नच येत नाही. असल्या मालात खासगी धंदा सहज कोण करणार? तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं हृदयाची झडप बनवली तेव्हा पहिले तीन नमुने फसले. तिसऱ्यातली कृत्रिम नीलमची तबकडी मेंढीच्या हृदयात फुटली. चौथ्यात प्लॅस्टिकची तबकडी आली, डिसेंबर 1990 मध्ये ती झडप माणसाला बसली, आणि उत्पादन टीटीके कंपनीकडे गेलं. रोटाव्हायरसच्या (बाळांना जुलाब करणाऱ्या विषाणूच्या) लसीचा विषाणू दिल्लीच्या एम्समध्ये 1980 च्या दशकाच्या मध्यात नवजात बाळांत सापडला होता. लसीला परवाना मिळाला 2014 मध्ये आणि राष्ट्रीय लसीकरणात ती आली 2016 मध्ये.

वैद्यकीय उपकरणांचे नियम औषधांपेक्षा वेगळे, 2017 चे. धोक्यानुसार ए ते डी असे चार वर्ग. थर्मामीटर खालच्या वर्गात, इंजेक्शनची सुई त्याच्या वर, व्हेंटिलेटर सी, हृदयाची झडप डी. ए आणि बी बनवायचा परवाना राज्याची एफडीए (अन्न व औषध प्रशासन) देते, सी आणि डी साठी केंद्राकडे जावं लागतं. उपकरण बनवणाऱ्या मुलांनी आपला वर्ग कोणता ते पहिल्याच महिन्यात पाहावं. नमुना तयार झाल्यावर कळलं तर अर्धी कागदपत्रं नव्यानं करावी लागतात.

42 लाख

नेक्सकार19 ची किंमत सुमारे 42 लाख रुपये सांगितली गेली. परदेशी उपचाराच्या जवळपास दहावा हिस्सा. एप्रिल 2024 मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते आयआयटीत त्याचं लोकार्पण झालं तेव्हा या आकड्याचं खूप कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. पण ॲक्ट्रेकच्या बाहेर बसस्टॉपवर फाइल मांडीवर घेऊन बसलेली माणसं मी येता-जाता पाहते. त्यातल्या बहुतेकांना 42 लाख आणि चार कोटी यांत फरक नाही. किंमत आणखी खाली यायची तर शोध पुरणार नाही. एका वेळी जास्त पेशंटच्या पेशी बनवू शकणारी बंद यंत्रं लागतील, विषाणू आणि रसायनं इथे मोठ्या प्रमाणावर बनावी लागतील, तपासणीचा वेळ कमी व्हावा लागेल. हे सगळं पुन्हा त्या मधल्या कामातच मोडतं.

आता पुढच्या वेळी 'कॅन्सरवर रामबाण शोध' अशी बातमी व्हॉट्सॲपवर आली की तीन गोष्टी शोधा. हे पेशीवर झालं, उंदरावर झालं की माणसावर? माणसावर असेल तर किती जणांवर? आणि चाचणीची नोंद कुठे आहे? भारतात औषधाच्या चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी रजिस्टरमध्ये करणं 2009 पासून सक्तीचं आहे. ते सगळ्यांना फुकट खुलं आहे. आजाराचं नाव टाकलं की कोणत्या हॉस्पिटलात, कोणता टप्पा, पेशंट घेणं चालू आहे की थांबलं, कोणाला घेतात आणि कोणाला नाही, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. घरात असा पेशंट असेल तर त्या पानाची प्रिंट काढून आपल्या डॉक्टरांना दाखवा आणि 'आपण यात बसतो का?' असं सरळ विचारा.